वाघ आले, वाघ आला

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता पिंपळझरीच्या शाळेच्या मैदानात एक हिरवी उडती गाडी धूळ उडवत उतरली. दार उघडलं आणि पाच माणसं पटापट उड्या टाकून धावत सुटली. दोघांनी जाळं धरलं होतं, तिसऱ्याकडे गुंगीच्या सुईची बंदूक होती, चौथा चाकांवरचा पिंजरा ढकलत होता. सगळ्यांच्या पुढे एक ठेंगण्याशा बाई होत्या.

"कोणी बाहेर येऊ नका!" त्या हिंदीतून ओरडल्या. "वाघ कुठे आहेत?"

सहावीच्या वर्गात तेव्हा इंग्रजीचा तास चालू होता. शिकवत होते दिगंबर वाघ सर. सर अंगानं काटकुळे आणि स्वभावानं भित्रे. भिंतीवर पाल दिसली तरी ते अख्खा वर्ग दुसऱ्या खोलीत हलवत. बाहेरून 'वाघ' एवढा शब्द कानावर पडताच त्यांच्या हातातला खडू खाली पडला आणि खडूपाठोपाठ सरही टेबलाखाली गेले.

बाई दारात आल्या. वर्ग चिडीचूप होता. पहिल्या बाकावरची सावली गेडाम तेवढी उभी राहिली. विचारलं की खरं उत्तर द्यायचं, अशी तिला सवय होती.

"मॅडम, वाघ टेबलाखाली आहेत," ती म्हणाली.

बंदूक टेबलाकडे वळली. जाळंवाले दोघं दोन बाजूंनी पुढे सरकले. टेबल थरथरायला लागलं आणि मग त्याच्या खालून दोन हात वर आले.

"मी... मीच वाघ," सर म्हणाले. "पण मी शाकाहारी आहे."

ही गोष्ट आजपासून तीसेक वर्षांनंतरची आहे. पिंपळझरी हे चंद्रपूरकडच्या जंगलाला अगदी खेटून असलेलं गाव. पाखरांना आणि जनावरांना त्रास नको म्हणून तोवर त्या भागातले मोबाइलचे सगळे मनोरे काढून टाकलेले होते. गावाबाहेर निरोप धाडायचा तर एकच वाट होती, ती म्हणजे निरोप्या. निरोप्या हा एक यंत्रमानव (माणसाची कामं करणारं यंत्र) होता. दुधाच्या कॅनला चाकं लावावीत तसा दिसायचा. शाळेतल्या सहावीच्या वर्गात, फळ्याशेजारी, त्याचा मुक्काम असे. गावातल्या अकरा खांबांवर त्याचे कान बसवलेले होते. डोळा मात्र एकही नव्हता. "कान चालतील, डोळे नकोत," असं गावातल्या बायकांनी ग्रामसभेत बजावलं होतं.

त्या अकरा कानांनी निरोप्या दिवसभर ऐके. आग, पूर, जनावर, आजारपण असं काही कानावर आलं की तो ते मराठीतून इंग्रजीत करून चाळीस किलोमीटरवरच्या बचाव केंद्राला कळवी. इंग्रजीत अशासाठी, की केंद्रात देशाच्या कानाकोपऱ्यातली माणसं कामाला होती. पथकाच्या प्रमुख लालरिनपुई मॅडम थेट मिझोरामच्या. सगळे त्यांना लालरिन मॅडम म्हणत.

तर त्या लालरिन मॅडमनी हातातल्या छोट्या यंत्राचा पडदा सरांपुढे धरला. त्यावर निरोप होता: Tigers have come to school. म्हणजे, शाळेत वाघ आले आहेत, एकापेक्षा जास्त.

"हा निरोप कुणी पाठवला?" मॅडमनी विचारलं.

"मी," फळ्याशेजारून निरोप्या नम्रपणे म्हणाला. "सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी कुमारी सावली गेडाम वर्गाच्या दारातून ओरडल्या, 'ए, वाघ आले!' त्यानंतर बाकं सरकल्याचा आणि मुलं पळाल्याचा आवाज आला. मुलं घाबरली होती. मी तातडीनं कळवलं."

सगळा वर्ग सावलीकडे पाहायला लागला. सावली तांबडीलाल झाली.

"सर सायकलवरून येताना दिसले जी," ती पुटपुटली. "म्हणून मी सगळ्यांना जागेवर बसायला सांगितलं."

मॅडमना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "हे तिसऱ्यांदा झालंय," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात कळवलं, ग्रामपंचायतीत कोल्हे ओरडताहेत. आम्ही आलो, तर तुमच्या सरपंचबाई शकुंतला कोल्हे पाण्याच्या नळावरून ओरडत होत्या. मग परवा कळवलं, लांडगे मुलांना घेऊन निघाले. माझे हातपाय गार पडले!"

"लांडगेकाका आमची शाळेची गाडी चालवतात," सावली म्हणाली.

"ते मला आता माहीत आहे. त्यांना आम्ही जाळ्यातून सोडवलं तेव्हा त्यांनीच सांगितलं." मॅडम गंभीर झाल्या. "हे बघा, आम्ही इथे येतो तेव्हा दुसरीकडे कुणाला तरी आमची खरी गरज असू शकते. यापुढे पिंपळझरीच्या निरोपाची आधी खात्री करून घेऊ आणि मगच निघू. तुमचं यंत्र सुधारा."

गाडी उडून गेली. सरांनी खडू उचलला. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं होतं, पण एक गोष्ट त्यांना मनापासून आवडायची आणि ती म्हणजे व्याकरण. व्याकरण आलं की त्यांची भीती पळायची.

"निरोप्या," ते म्हणाले, "तुला वाघ एकापेक्षा जास्त का वाटले?"

"'आला' असं न म्हणता त्या 'आले' म्हणाल्या म्हणून."

"अरे, मोठ्या माणसाला मान द्यायचा म्हणून आपण एकालाही अनेकांसारखं बोलतो. बाबा आले, सर आले. ही झाली तुझी पहिली चूक. दुसरी चूक त्याहून मोठी आहे. बाकीच्यांनीही वह्या काढा."

सरांनी फळ्याचे दोन भाग केले.

"डावीकडे कॉमन नाउन (सामान्यनाम). एका जातीच्या सगळ्यांना मिळून जे नाव असतं ते. मुलगी, गाव, नदी, वाघ. जगातल्या कुठल्याही मुलीला मुलगी म्हणता येतं. उजवीकडे प्रॉपर नाउन (विशेषनाम). त्या जातीतल्या एकाच कुणाचं तरी स्वतःचं नाव. मुलगी अनेक, त्यातली ही सावली. गावं अनेक, त्यातलं हे पिंपळझरी. नद्या अनेक, त्यातली ही वैनगंगा. वारांची आणि महिन्यांची नावंही इंग्रजीत विशेषनामं धरतात. आणि इंग्रजीत विशेषनाम वाक्यात कुठेही येवो, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल, म्हणजे मोठ्या लिपीतलं असतं. सामान्यनामाचं लहान. वाक्याचं पहिलं अक्षर मात्र नेहमीच मोठं असतं, त्याला फसायचं नाही."

"मराठीत मोठी अक्षरं कोणती?" निरोप्यानं विचारलं.

"मराठीत ती भानगडच नाही. आपली सगळी अक्षरं एका मापाची."

"शिवाय मी वाचत नाही, मी ऐकतो," निरोप्या म्हणाला. "मग मोठं अक्षर ऐकू कसं येतं? ते मोठ्यानं बोलतात का?"

वर्ग हसला. निरोप्याला वाटलं, बरोबर ओळखलं. "आज वाघ सरांनी सावलीला वही काढायला सांगितली!" तो एवढ्या जोरात गरजला की बाहेरच्या लिंबावरचे कावळे उडाले आणि सर पुन्हा टेबलाकडे वळले.

"तसं नाही रे!" सावली कानावर हात ठेवून म्हणाली.

"पण माझ्या शब्दकोशात सावली म्हणजे ऊन अडलं की जमिनीवर पडते ती."

"ती छोट्या अक्षराची. मी मोठ्या अक्षराची!"

निरोप्याच्या कपाळावरचा निळा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. त्याला काही कळलं नव्हतं. शेवटी सरांनी सोपी युक्ती काढली. त्यांनी तालुक्याची मतदारयादी आणली आणि तिच्यातली सगळी आडनावं निरोप्याला वाचून दाखवली. "हे शब्द लक्षात ठेव. ही नावं आहेत. ही ऐकलीस की मोठं अक्षर."

"समजलं," निरोप्या म्हणाला. "यादीत असेल ते नाव."

सरांना वाटलं, प्रश्न सुटला.

मंगळवारी संध्याकाळी सरपंच कोल्हेबाईंच्या दारात केंद्राचं एक छोटं उडतं यंत्र आलं आणि पांढऱ्या फुलांचा हार ठेवून गेलं. सोबत चिठ्ठी होती: 'श्री. कांदे यांच्या निधनाचं वृत्त ऐकून आम्हां सर्वांना दुःख झालं. लालरिनपुई.'

गावात कांदे आडनावाचं एकच घर होतं. कोल्हेबाई, सर आणि मागोमाग सावली असे तिघं तोंडं पाडून तिकडे गेले. बबनराव कांदे ओट्यावर बसून भाकरी आणि ठेचा खात होते.

"या जी, बसा," ते म्हणाले. "हार कोणासाठी आणला?"

कोल्हेबाईंनी हार पाठीमागे लपवला.

शोध घेतल्यावर उलगडा झाला. किराणा दुकानाजवळच्या खांबावरच्या कानानं दुकानदाराचं बोलणं ऐकलं होतं, "कांदे संपले." यादीत कांदे होते. निरोप्यानं मोठं अक्षर वापरून निरोप धाडला: Mr Kande is no more. म्हणजे, श्री. कांदे आता या जगात नाहीत.

"मी नियम पाळला," निरोप्या म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी नाराजी होती. यंत्राला वाईट वाटतं की नाही कोण जाणे, पण निळा दिवा मंद झाला होता. "पहिल्यांदा मी नावांना वस्तू समजलो, तर चूक. आता वस्तूंना नाव समजलो, तर चूक. एकच शब्द कधी हे आणि कधी ते, हे मी ओळखायचं कसं?"

सरांनी मग त्याला व्याख्या सांगितली. निरोप्यानं ती तेरा वेळा बिनचूक म्हणून दाखवली. सावलीला ठाऊक होतं, असं बिनचूक म्हणता येणं आणि कळणं यांत फरक असतो. सातचा पाढा तिलाही बिनचूक येत होता.

गुरुवार उजाडला. एप्रिल संपत आला होता आणि उन्हानं जंगलातली डबकी आटली होती. शाळेच्या मागे, स्वयंपाकाच्या शेडला लागून पाण्याचं उघडं टाकं होतं. त्या शेडमध्ये मंदाताई मुलांसाठी खिचडी शिजवत होत्या. एक वाजला की त्या बाहेर येऊन झाऱ्यानं थाळी वाजवत आणि जेवायची सुट्टी होई.

एकला पंधरा मिनिटं कमी असताना सावलीनं सहज खिडकीतून बाहेर पाहिलं. आधी तिला वाटलं, टाक्याच्या काठावर कुणी पट्ट्यापट्ट्यांची गोधडी वाळत घातली आहे. मग गोधडीनं मान वर केली.

सावलीनं शेजारच्या बाकाला हळूच हात लावला, तोंडावर बोट ठेवलं आणि कुजबुजली, "वाघ आला."

सरांनी वळून पाहिलं. ते जागच्या जागी गोठले. सावलीला वाटलं, आता सर टेबलाखाली जाणार. पण सरांनी मुलं मोजली. एकोणीसच्या एकोणीस आत होती. चवड्यांवर चालत जाऊन त्यांनी दार लावलं, कडी आवाज न करता सरकवली आणि मुलांना खुणेनं भिंतीकडे बसवलं.

"मंदाताई शेडमध्ये आहेत," ते अगदी हळू म्हणाले. "एकला बाहेर येतील. हाक मारली तर वाघ बिथरेल. निरोप्या, केंद्राला कळव. वाघ आलाय."

"कळवलं," निरोप्या आवाज बारीक करून म्हणाला. "आणि उत्तरही आलं. 'छान. सरांना आमचा नमस्कार सांगा.'"

सरांनी डोळे मिटून घेतले. "काय कळवलंस तू?"

"श्री. वाघ शाळेत आले आहेत."

"अरे, मी नाही! बाहेर वाघ आला आहे!" सावली त्याच्याजवळ सरकली.

"कुमारी सावली, सर मोठे आहेत. 'आला' नाही, 'आले' म्हणावं."

खिडकीबाहेर पाणी लपालपा पिण्याचा आवाज येत होता. भिंतीवरच्या घड्याळात एकला बारा मिनिटं कमी होती. केंद्रापासून उडत्या गाडीला इथे यायला सात मिनिटं लागत. सावलीला रडू फुटणार होतं. याला दिसत नाही, हा फक्त ऐकतो. आणि ऐकायला दोन्ही सारखेच, वाघ आणि वाघ. मग फरक आहे तरी कुठे? फरक शब्दात नाहीच, तिला वाटलं. आपण तो कुणासाठी वापरतो, त्यात आहे.

"निरोप्या," ती म्हणाली, "नीट ऐक. टाक्यावर आत्ता जो वाघ पाणी पितोय, त्याच्या जागी दुसरा कुठलाही वाघ असता, तरी आपण असेच घाबरलो असतो ना?"

"होय."

"आणि आज इंग्रजीच्या तासाला सरांच्या जागी दुसरा कुठलाही वाघ चालला असता का?"

निळा दिवा लुकलुकला. "नाही," निरोप्या सावकाश म्हणाला. "वर्गाची पटसंख्या घटली असती."

"हाच फरक! कुठलाही चालतो, ते जातीचं नाव. तोच लागतो, ते त्याचं स्वतःचं नाव. दुकानातला कांदा संपला तर दुसरा कुठलाही कांदा आणता येतो. बबनराव कांदे गेले असते तर दुसरे आणता आले असते का?"

"नाही. मग हारही योग्य ठरला असता," निरोप्या म्हणाला. दिवा आता झरझर लुकलुकत होता. "म्हणजे टाक्यावर एक वाघ आहे. कुठलाही. आडनाव नसलेला."

"हो!"

"आणि तो 'आला', कारण त्याला मान द्यायचा नाही."

"द्यायचा, पण लांबून," सर म्हणाले. ते खिडकीखाली ओणवे बसले होते. त्यांचा आवाज कापत होता, पण व्याकरण सुटलं नव्हतं. "'कुठलाही एक' असेल तर इंग्रजीत सामान्यनामाच्या आधी 'अ' येतो. अ टायगर. टी लहान! आणि निरोप्या, माझंही नाव त्याच निरोपात घाल. दोन्ही शेजारी दिसले, की मॅडमना विचारत बसावं लागणार नाही."

निरोप गेला: Mr Wagh is in the classroom. A tiger is at the tank. म्हणजे, श्री. वाघ वर्गात आहेत. टाक्यावर एक वाघ आहे.

या वेळी उत्तर एकाच शब्दाचं आलं. "निघालो."

ती सात मिनिटं कुणालाच विसरता आली नाहीत. कुणी हललं नाही. एका मुलाला शिंक येत होती, ती सरांनी स्वतःचा रुमाल त्याच्या नाकावर दाबून धरून थांबवली. वाघ पाणी प्यायला, मग टाक्यात मागचे पाय सोडून बसला, एखाद्या पाहुण्यानं न्हाणीघरात बसावं तसा. शेडमधून खिचडीला फोडणी दिल्याचा चर्र आवाज आला. वाघानं कान टवकारले. शेडचं दार किलकिलं झालं, मंदाताईंचा झारा बाहेर दिसला, मग मंदाताईंचं अर्धं तोंड दिसलं. झारा हळूच आत गेला. दार बंद झालं.

तेवढ्यात छपरामागून हिरवी गाडी आली. या वेळी ती धूळ उडवत उतरली नाही. शाळेच्या बाजूला ती हवेत थांबली आणि अगदी खालच्या पट्टीत घुमायला लागली. जंगलाची बाजू मोकळी ठेवलेली होती. वाघ उठला, अंग झाडलं आणि त्या बाजूनं निघून गेला. त्याला कसली घाई नव्हती. बंदुकीतली सुई बंदुकीतच राहिली.

मंदाताईंना सगळ्यांनी गराडा घातला.

"ताई, तुम्ही घाबरल्या नाहीत?" सावलीनं विचारलं.

"काऊन घाबरू? त्याची आंघोळ चालू होती. मी म्हटलं, होऊ दे त्याची. दार लावून घेतलं आन् खिचडीवर झाकण ठेवलं," मंदाताई म्हणाल्या आणि मग एकाएकी मटकन खाली बसल्या. गाडी पाहून धावत आलेल्या कोल्हेबाईंनी त्यांना पाणी दिलं.

लालरिन मॅडमनी हातातला पडदा सावलीला दाखवला. "पहिला निरोप वाचून मी चहा मागवला होता," त्या म्हणाल्या. "दुसरा वाचला आणि कप तसाच ठेवला. तुमच्या सरांचं नाव मोठ्या डब्ल्यूनं सुरू होतंय आणि ते वर्गात आहेत. बाहेर आहे त्याचा टी लहान, आणि त्याच्या आधी 'अ' आहे. म्हणजे तो कुणी ओळखीचा माणूस नाही, कुठलासा एक खरा वाघ आहे. विचारायला काही उरलंच नाही. हे तुमच्या यंत्राला कुणी शिकवलं?"

सरांनी सावलीकडे बोट दाखवलं. सावलीनं सरांकडे दाखवलं.

"दोघांनी," निरोप्या म्हणाला. "मला व्याख्या येत होती. पण कुठला प्रश्न विचारायचा ते माहीत नव्हतं. 'कुठलाही, की तोच?' एवढाच प्रश्न. आता शंका आली की मी तो आधी विचारीन, मगच कळवीन."

मॅडमनी तो प्रश्न त्याच आठवड्यात केंद्राच्या बत्तीस गावांतल्या बत्तीस यंत्रांना शिकवून टाकला. पलीकडच्या गावात एका लग्नात कुणीतरी म्हणालं, "वरातीत घोडे काय नाचले!" तिथल्या यंत्रानं लगेच विचारलं, "कुठलेही, की तेच?" तेव्हा वरातीतून उत्तर आलं, "तेच! नवरीचे मामा!" आणि केंद्रातल्या लोकांची एक खेप वाचली.

पायांचे ठसे तपासल्यावर कळलं, की तो वाघ नव्हता, वाघीण होती. ती पुढेही दोनदा नाल्यापलीकडे दिसली. मॅडमनी मुलांना तिचं नाव ठेवायला सांगितलं. फळ्यावर बावीस नावं लिहून झाली, भांडणं झाली, आणि शेवटी 'झळ' हे नाव ठरलं. भर उन्हात आली होती ना.

"एक अडचण आहे," निरोप्या म्हणाला. "उन्हाची झळही असते. उद्या कुणी म्हणालं, 'झळ आली', तर?"

"तर काय करशील?" सरांनी विचारलं.

"विचारीन, कुठलीही, की तीच."

"शाबास!" सर म्हणाले. "आणि एक ध्यानात घे. काल ती नुसती वाघीण होती. जंगलातल्या कितीतरी वाघिणींपैकी एक. आपण तिला नाव दिलं, तशी ती सामान्यनामातून विशेषनामात आली. आता तिच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं."

ऑगस्टमध्ये केंद्राकडून एक निरोप आला. आता सातवीत गेलेल्या सगळ्या वर्गाला बोलावून निरोप्यानं तो ऐकवला. झळ आतल्या डोंगरात दिसली होती. तिच्यामागून तीन पिल्लं चालत होती.

वर्गात एकच गलका झाला. त्यांची नावं काय ठेवायची? सावलीनं तर खडूही उचलला. पण निरोपाच्या शेवटी मॅडमनी लिहिलं होतं, की इतक्यात नावं ठेवू नका. पिल्लांचं पहिलं वर्ष फार कठीण असतं. ती आधी तगू देत, शिकारीला शिकू देत.

सावलीनं खडू खाली ठेवला.

"मग तोवर मी त्यांना काय लिहू?" निरोप्यानं विचारलं.

"पिल्लं," सावली म्हणाली. "नुसती पिल्लं. सामान्यनाम."

"म्हणजे लहान अक्षर."

"हो. अजून लहान आहेत ना ती. मोठी झाली, की मोठं अक्षर देऊ."

निरोप्याचा दिवा एकदा लुकलुकला. त्यानं आपल्या नावांच्या यादीत झळच्या खाली तीन जागा रिकाम्या सोडल्या.